एक खटका, दोन कामं: पंखा आणि दिव्याच्या ताटातुटीची गोष्ट

(हा ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं अं' आणि मागे ओरडणारा कावळा काढून टाकलाय. बाकी बोललो तसंच.)



आजच्या भागात लढाया नाहीत, किल्ले नाहीत. एक राजा मध्ये डोकावून जाईल, पण तोही पदच्युत झालेला. आजचा विषय तुमच्या डोक्याच्या वर आहे. अगदी शब्दशः. मान वर करा. पंखा दिसतोय? आता भिंतीकडे बघा. बोर्डावर पंख्याचं बटण वेगळं, दिव्याचं बटण वेगळं, शेजारी रेग्युलेटर. यात काय विशेष, असं वाटेल. मलाही गेल्या मे महिन्यापर्यंत तसंच वाटत होतं.

मे महिन्यात मी आजीकडे होतो, रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत. लॅपटॉप घेऊन गेलो होतो, दिवसा काम, संध्याकाळी आंबे. आमचं घर जुनं आहे, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. आजी माजघरात झोपते. पहिल्या रात्री दहा वाजता बघतो तर आजीने पदर हाताला गुंडाळला, दाराजवळच्या खांबावरचा बल्ब दाबून फिरवला आणि होल्डरमधून काढून कोनाड्यात ठेवला. पंखा चालूच होता.

म्हटलं, "आजी, हे काय करतेस?"

ती म्हणाली, "अरे मेल्या, दिवा डोळ्यावर येतो. आणि बटण बंद केलं तर पंखा जातो. मग उकाड्यात मरू काय?"

माजघरात एकच बटण होतं. ते लावलं की दिवा आणि पंखा दोन्ही सुरू, बंद केलं की दोन्ही बंद. त्यामुळे उन्हाळ्यात आजी रोज रात्री बल्ब काढायची आणि संध्याकाळी परत लावायची. किती वर्षं? "तुझा बाप कॉलेजात होता तेव्हापासून."

हसण्यासारखी गोष्ट आहे, आणि मी हसलोही. मग एक आठवण झाली. त्याच्या आदल्या वर्षी आजी रात्री उठली होती, परसदारी जायला. माजघराच्या उंबऱ्याला अडखळली आणि मनगट मोडलं. घरात सगळे म्हणाले, वय झालं, नजर कमी झाली. मीही तेच म्हणालो. पण त्या रात्री बल्ब होता कुठे? कोनाड्यात. अंधारात उठून तो होल्डरमध्ये बसवायचा आणि मग जायचं, असं कोण करणार?

म्हणजे दोष नजरेचा कमी आणि बटणाचा जास्त होता. तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न बसला: दिवा आणि पंखा यांची बटणं वेगळी असावीत हे कोणी ठरवलं? आणि आमच्याकडे ती वेगळी का नव्हती? आजचा भाग त्या प्रश्नावर.

भिंतीतलं भोक

विजेच्या आधी सुरुवात करू. छताला टांगलेला पंखा विजेपेक्षा बराच जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यातल्या इंग्रजांच्या घरांत मोठ्या लाकडी चौकटीला कापड लावून ती छताला टांगायची पद्धत सुरू झाली. तिला झालर असायची आणि एक दोरी. दोरी ओढली की चौकट पुढे-मागे हलायची आणि खाली बसलेल्या साहेबाला वारा लागायचा. पुढे कचेऱ्या, कोर्टं, बराकी, सगळीकडे हे पंखे आले. आपला 'पंखा' शब्द इंग्रजांनी तसाच उचलला तो यामुळेच.

दोरी ओढणारा माणूस कुठे बसायचा? बऱ्याचदा बाहेर, व्हरांड्यात. दोरी भिंतीतल्या भोकातून, कप्पीवरून बाहेर जायची. आत वारा, बाहेर माणूस. म्हणजे भारतातला पंख्याचा पहिला 'वॉल कंट्रोल' म्हणजे भिंतीतलं भोक. आणि त्याच्या पलीकडे उन्हाळ्यापुरता, तुटपुंज्या मजुरीवर ठेवलेला एक पंखेवाला. स्पीड वाढवायचा तर ओरडायचं. तो पेंगला तर पंखा बंद. या पंखेवाल्यांना झालेल्या मारहाणीची प्रकरणं त्या काळात कोर्टापर्यंत गेलेली आहेत.

दिवा मात्र तेव्हा पूर्ण वेगळा होता. तेलाचा, नंतर रॉकेलचा. दिवा आणि पंखा यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. संबंध असलाच तर शत्रुत्वाचा, कारण पंख्याच्या वाऱ्याने ज्योत विझायची.

आता तो राजा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ पासून त्याला रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. आपल्यातले बरेच जण शाळेच्या सहलीत थिबा पॅलेस बघून आलेत. पुढच्या वेळी गेलात तर खिडक्यांकडे नीट बघा. अर्धगोल कमानी, कोरीव लाकूड, रंगीत काचा, लांबच लांब व्हरांडे, उतरती छपरं. उंचावर, समुद्राच्या वाऱ्याच्या वाटेत उभं केलेलं घर. पंखा नसलेल्या काळात वारा ही इमारतीची जबाबदारी होती. आपल्या कौलारू घरांचंही तेच. उंच आढं, पडवी, समोरासमोर दारं. वाऱ्याला बटण नव्हतं, खिडकी होती. आणि खिडकी उघडायला दिवा लावावा लागत नव्हता.

'खट्' या आवाजाचा शोध

एडिसनचा दिवा १८७९ चा, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. बटण मात्र कोणी शोधलं, हे कोणी विचारत नाही. सुरुवातीचे स्विच हळूहळू उघडायचे. आणि वीज अशी हळू तोडली तर दोन धातूंच्या मध्ये ठिणगीचा पूल तयार होतो. तो तापतो, धातू जाळतो, कधी आग लावतो. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने १८८४ मध्ये यावर उपाय काढला: आत स्प्रिंग. तुम्ही बटण कितीही हळू दाबा, आतली पट्टी एका झटक्यात सुटते. 'खट्' हा आवाज त्या झटक्याचा. मराठीत स्विचला 'खटका' म्हणतात, आणि इतकं नेमकं नाव मला दुसऱ्या कुठल्या भाषेत माहीत नाही.

त्याच दशकात अमेरिकेत फिलिप डील नावाचा जर्मनीहून आलेला माणूस सिंगर कंपनीत काम करत होता. हो, तीच शिलाई मशीनवाली सिंगर. त्याने शिलाई मशीनची विजेची मोटर घेतली, तिला पाती लावली आणि छताला टांगली. झाला सीलिंग फॅन. आणि थोड्याच काळात त्याने त्याच पंख्याला खाली दिवा जोडला.

म्हणजे बघा, पंखा आणि दिवा यांची जोडी पंख्याइतकीच जुनी आहे. अमेरिकेत ती टिकली. तिकडे एअर कंडिशनर आल्यावर पंखे मागे पडले, आणि १९७० च्या दशकात ऊर्जेची टंचाई आली तेव्हा परत आले. पण आले ते कुठे? खोलीच्या मधोमध जिथे आधी दिवा होता, त्याच जागी. तिथे भिंतीवर बटण एकच, छतापर्यंत तारा दिव्यापुरत्याच. त्यामुळे एका बटणावर दोन्ही चालवायचे आणि पंख्याला वेगळी साखळी लोंबकळत ठेवायची, असा तोडगा निघाला. हॉलिवूडच्या सिनेमात पंख्याला साखळ्या दिसतात त्या यासाठी. आजही तिकडे 'पंखा आणि दिवा वेगळ्या बटणांवर कसे आणू' हा घरोघरचा प्रश्न आहे.

आपल्याकडे तसं झालं नाही. का?

पंखा हे वेगळं प्रकरण

भारतात वीज आली तेव्हा पंखा ही चैन असली तरी इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती गरज होती. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट १८८२ मध्ये विजेच्या दिव्यांनी उजळलं. कोलकात्यात १८९९ मध्ये वीजपुरवठा सुरू झाला. मुंबईत १९०५ पासून ट्राम आणि विजेची कंपनी कामाला लागली, तीच पुढे आपली 'बेस्ट'. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, गिरण्यांसाठी.

या शहरांत पंखा आला तो दोरीच्या पंख्याच्या जागी. दिव्याच्या जागी नाही. ही छोटी वाटणारी गोष्ट महत्त्वाची आहे. साहेबाच्या खोलीत मधोमध पंखा हवा हे आधीच ठरलेलं होतं, तिथे छताला हूक होता. दिवे भिंतीवर. त्यामुळे पहिल्यापासून पंखा एक उपकरण, दिवा दुसरं. दोघांना वेगळ्या तारा, वेगळे खटके.

शिवाय पंख्याला आणखी एक गोष्ट लागायची, ती म्हणजे रेग्युलेटर. जुना रेग्युलेटर आठवतोय? काळा, विटेएवढा डबा, हात लावला तर गरम. त्याच्या आत फक्त रोधक तारेची वेटोळी असायची. पंखा हळू करायचा म्हणजे उरलेली वीज त्या वेटोळ्यांत उष्णता म्हणून जाळायची. म्हणून त्या काळात पंखा एकवर ठेवला तरी बिल फारसं कमी व्हायचं नाही. आईला सांगू नका, ती आयुष्यभर 'एकवर ठेव' म्हणत आलीय. पण मुद्दा असा की रेग्युलेटर पंख्याच्याच वाटेत असायला हवा. दिवा त्याच वाटेवर टाकला तर पंखा हळू केला की दिवाही मंद होणार. म्हणजे रेग्युलेटरनेच दिव्याला पंख्यापासून वेगळं ठेवलं.

आपल्या वायरिंगच्या मानकांतही दोघांची नावं जोडीनं येतात, पण मोजणी वेगळी होते. दिवे, पंखे आणि छोटे सॉकेट मिळून एका सर्किटवर जास्तीत जास्त १० पॉईंट, आणि एकूण भार ८०० वॅटपर्यंत. प्रत्येक दिवा एक पॉईंट, प्रत्येक पंखा एक पॉईंट. हा 'पॉईंट' शब्द लक्षात ठेवा. आजीच्या मनगटाची गोष्ट तिथेच अडकलेली आहे.

पोफळीची वीज आणि आमची वाडी

आता कोकणात या. मुंबईत पंखे फिरत होते तेव्हा आमच्याकडे कंदील, चिमण्या, आणि लग्नकार्य असेल तर गॅसबत्ती. यात एक गंमत आहे. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा हिस्सा ज्या प्रकल्पातून आला तो कोयना प्रकल्प. धरण घाटावर, सातारा जिल्ह्यात. पण पाणी पश्चिमेकडे वळवून खाली सोडलं ते कोकणात, आणि डोंगराच्या पोटातलं वीजघर पोफळीला. पोफळी कुठे? चिपळूण तालुका, जिल्हा रत्नागिरी. १९६२ मध्ये तिथे वीजनिर्मिती सुरू झाली. वापरलेलं पाणी पुढे वाशिष्ठी नदीत जातं. म्हणजे वीज आमच्या जिल्ह्यात जन्माला यायची आणि तारांवरून मुंबईच्या दिशेनं जायची. अगदी आमच्या चाकरमान्यांसारखी.

आमच्या वाडीत लाईट आली ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी. आजी सांगते, पहिल्या दिवशी सगळी वाडी एकमेकांच्या घरी जाऊन बल्ब बघत होती. तेव्हाचं वायरिंग म्हणजे सागाची पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांनी दाबलेली वायर, लाकडी गोल ठोकळ्यावर काळा बॅकेलाइटचा खटका. वायरमन पैसे घ्यायचा पॉईंटवर. दिव्याचा एक पॉईंट, सॉकेटचा एक पॉईंट. आजोबांनी हिशोब केला: ओटीवर एक, माजघरात एक, स्वयंपाकघरात एक. तीन पॉईंट. झालं.

पंख्याचा विचारही नव्हता. पंखा आला नंतर काही वर्षांनी, गणपतीत. मुंबईहून काका एसटीच्या टपावर खोका घालून घेऊन आला. पाती वेगळी, मोटर वेगळी, दांडी वेगळी. तुळईला हूक ठोकला, पंखा टांगला. आता वायर कुठून आणायची? बोर्डपर्यंत नवी वायर म्हणजे नवा पॉईंट, म्हणजे वायरमनला बोलवा, म्हणजे पैसे. मग कोणीतरी खांबावरच्या बल्बच्या होल्डरमधूनच दोन तारा काढल्या आणि वर पंख्याला जोडल्या. दहा मिनिटांत पंखा फिरायला लागला. टाळ्या.

ही फक्त आमच्या घरची गोष्ट नाही. १९८८-८९ पासून सरकारची कुटीर ज्योती योजना होती, गरीब घरांना वीजजोडणी द्यायची. किती? एक दिवा. एकच पॉईंट. अंधारातून एका बल्बपर्यंत येणं ही मोठीच गोष्ट होती, ती कमी लेखू नका. पण पुढे त्या घरात पंखा आला, टीव्ही आला, तर तो लावायचा कुठे? त्या एका पॉईंटवरच. त्यानंतरच्या काळात विचार बदलला. २०१७ च्या सौभाग्य योजनेत, जिथे तारा पोचणं अवघड होतं अशा दुर्गम घरांसाठी जो सौर संच होता त्यात पाच एलईडी दिवे होते, एक पंखा होता आणि एक प्लग. पंखा ही गरज आहे हे सरकारी कागदावर यायला इतकी वर्षं लागली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'टेक्निकल डेट' म्हणतो. आज घाईत जुगाड करायचा, उद्या नीट करू म्हणायचं, आणि तो उद्या येत नाही. मधल्या काळात व्याज कोण भरतं? तर रोज रात्री ते वापरणारा माणूस. आमच्या घरात चाळीस वर्षं व्याज भरलं आजीने, आणि आदल्या वर्षी एकदम मोठा हप्ता मनगटाने भरला.

दोन तारांचं गणित

आता थोडं तांत्रिक, पण सोपं. कंटाळू नका, हे तुमच्या घरातही उपयोगी पडेल.

घरात वीज आणणाऱ्या दोन तारा: फेज आणि न्यूट्रल. फेज म्हणजे जिवंत तार. न्यूट्रल म्हणजे परतीची वाट. तिसरी अर्थ, ती जीव वाचवायला. बटणाचं काम एकच: फेज अडवणं. बल्बपर्यंत जाणारी एक तार बटणातून येते, दुसरी थेट न्यूट्रलची.

दिवा आणि पंखा वेगळे चालवायचे असतील तर न्यूट्रल दोघांत एक चालते. परतीची वाट सामाईक असली तरी हरकत नाही, फक्त ती त्याच सर्किटची हवी. पण बटणातून येणारी तार दोघांना वेगवेगळी हवी. म्हणजे कमीत कमी तीन तारा: दिव्याची, पंख्याची आणि सामाईक न्यूट्रल. शिवाय अर्थ. आमच्या पंख्याच्या तारा निघत होत्या दिव्याच्या होल्डरमधून. म्हणजे बोर्डपासून दोनच तारा. दोन तारांवर दोन स्वतंत्र बटणं बसत नाहीत. एकाच व्हेरिएबलवर दोन फंक्शन टांगली की एक बदललं की दुसरं बदलणारच, तसं.

मला वाटलं, एक वायर तर ओढायचीय. बीटेक आहे, यूट्यूब आहे, चला. बाबांनी फोनवर फक्त एवढं विचारलं, "तुझी डिग्री कॉम्प्युटरची ना?" मग मी गप्प परवानाधारक वायरमनकाकांना फोन केला. हे काही बाबांचंच मत नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून आपल्याकडे कायद्याने सांगितलेलं आहे की घरातलं वायरिंग परवाना असलेल्याच माणसाने करायचं. बल्ब बदलणं वेगळं, तारेला हात घालणं वेगळं.

काका आले

काका आले, चप्पल काढली नाही. म्हणाले, "आजी, चिखल पुसून देतो नंतर, पण चप्पल पायातच राहू दे." रबरी होती. मग बटण बंद केलं आणि रिकाम्या होल्डरमध्ये टेस्टर लावला.

टेस्टर पेटला.

बटण बंद, आणि होल्डरमध्ये करंट. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. पहिल्या दिवशीच कोणीतरी तारा उलट्या जोडल्या होत्या. खटका फेजवर नव्हता, न्यूट्रलवर होता. परतीची वाट तोडली म्हणून दिवा विझायचा, पण जिवंत तार होल्डरपर्यंत येऊन बसलेलीच असायची. त्याच १९५६ च्या नियमांत हेही स्पष्ट आहे की न्यूट्रलवर एकटा खटका बसवायचा नाही. तोडायची तर फेज तोडा, किंवा दोन्ही एकदम.

म्हणजे आजी रात्री बल्ब काढायची तेव्हा होल्डर जिवंत, कारण पंखा चालू. आणि संध्याकाळी बटण बंद ठेवून बल्ब लावायची, तिला वाटायचं आता काही धोका नाही, तेव्हाही जिवंतच. ओल्या हातांनी, पावसाळ्यात, कौलातून ठिबकणाऱ्या माजघरात. इतकी वर्षं काही झालं नाही ते त्या पदराच्या घडीमुळे आणि नशिबामुळे. मी रात्री हसलो होतो ते आठवून मला कसंतरी झालं.

मेन बंद करून काम सुरू झालं. आधी फेज आणि न्यूट्रल सरळ केली. होल्डरमधून पंख्याला गेलेल्या जुन्या तारा काढून टाकल्या. बोर्डपासून पंख्यापर्यंत प्लास्टिकच्या पट्टीतून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची नवी वायर नेली. लाल फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थची. पंख्याला स्वतःचा खटका आणि रेग्युलेटर. हा आताचा कपॅसिटरवाला, गरम न होणारा. याच्यावर पंखा हळू केला की वीज खरंच वाचते. आई शेवटी बरोबर ठरली.

दिव्याला त्यांनी आणखी एक गोष्ट केली. जिन्यात असते तशी टू-वे जोडणी: एक बटण दाराशी, दुसरं आजीच्या उशाशी. दोन्हीकडून तोच दिवा लागतो, तोच विझतो.

मग अर्थिंग. आमच्याकडची जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात ती दगडासारखी कोरडी होते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट बसत नाही. परसात खड्डा, कोळसा, मीठ, वर पाणी घालायला पाईप. आणि मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. थोडासाही करंट वाट चुकून माणसातून जायला लागला की हे यंत्र क्षणार्धात वीज तोडतं. तुमच्या घरात तो आहे का? आज बघा. त्यावर एक 'टेस्ट' बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा, खट् करून पडला पाहिजे. नाही पडला तर वायरमनला बोलवा.

काम संपलं. काकांनी हिशोब मांडला. कसा? पॉईंटवर! पंख्याचा एक, दिव्याचे दोन खटके, अर्थिंग वेगळं. चाळीस वर्षांपूर्वी आजोबांनी वाचवलेला तो पॉईंट मी नातवाने भरला.

मग रिमोट का नाही?

हा प्रश्न मला ऑफिसमधल्या मित्राने विचारला, आणि तुमच्याही मनात आला असेल. आता बीएलडीसी पंखे मिळतात, त्यांना रिमोट असतो. जुना पंखा ७०-७५ वॅट खातो, हा साधारण ३० च्या आसपास. २०२३ च्या जानेवारीपासून पंख्यांना स्टार रेटिंग सक्तीचं झालंय, त्यामुळे दुकानात फरक लगेच दिसतो. वायर न ओढता, बटण चालू ठेवायचं आणि पंखा रिमोटने चालवायचा. दिवाही स्मार्ट घ्यायचा. सॉफ्टवेअरने प्रश्न सुटला.

खरंय, आणि भाड्याच्या घरात, जिथे भिंत फोडता येत नाही, तिथे तो चांगला मार्ग आहे. फक्त बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर लावू नका, तो काढून थेट जोडणी करून घ्या. पण आमच्या माजघरात रिमोटने दोन गोष्टी सुटल्या नसत्या. एक, होल्डर तसाच जिवंत राहिला असता. वरून नवं ॲप, खालून जुनी चूक. आणि दुसरी गोष्ट आजी म्हणाली: "रिमोट उशाखाली जातो रे. भिंत कुठे जाते?"

मी वर्षभर लोकांच्या फोनवर बटणं कुठे असावीत यावर मीटिंगा करतो. याच्यापुढे मला काही बोलता आलं नाही.

या मे महिन्यात परत गेलो होतो. रात्री पाणी प्यायला उठलो तर माजघरात उजेड. आजी उशाशी हात नेऊन दिवा लावून परसदारी गेली होती. पंखा दोनवर. ती परत आली, उंबरा ओलांडला, आडवी झाली आणि झोपल्या झोपल्या दिवा घालवला. खट्. पंखा चालूच राहिला. कोनाड्यात आता बल्ब नसतो, तिचा चष्मा असतो.

तर मंडळी, आजचं काम. गावच्या घरी गेलात की एकदा फिरून बघा: एका बटणावर दोन गोष्टी कुठे टांगल्यात? आजी-आजोबा कुठला बल्ब काढून ठेवतात? कुठल्या बटणाला घरात सगळे 'ते तसंच आहे' म्हणतात? त्यांना विचारा, कधीपासून. गोष्ट ऐका, रेकॉर्ड करा, आणि मग वायरमनला फोन करा. या क्रमाने.

तुमच्या घरच्या जुन्या बोर्डाचे फोटो आम्हाला नक्की पाठवा, काळ्या गोल खटक्यांचे असतील तर आधी. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि ओल्या हाताने बटण दाबू नका!